अंतराळवीरांच्या आजारपणाचं सिम्युलेशन: संवेदनशीलता विश्लेषण पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

अंतराळ मोहिमेत कोणाला काय होईल याचं सिम्युलेशन पहिल्यांदा हाती येतं, तेव्हा सगळं लक्ष ते चालवण्यातच जातं. कोड चालला, शेवटी एक टक्केवारी आली, की काम झाल्यासारखं वाटतं. मलाही वाटलं होतं. मी संख्याशास्त्र शिकून या विषयाकडे आले. पहिला निकाल घेऊन गेले तेव्हा मला एकच प्रश्न विचारला गेला: "यातली कुठली माहिती चुकीची निघाली तर हा आकडा सगळ्यात जास्त हलेल?" हा प्रश्न म्हणजेच संवेदनशीलता विश्लेषण. त्याचं नीट उत्तर द्यायला मला पुढे चार महिने लागले. त्यातले निम्मे तरी टाळता आले असते, म्हणून हे लिहिते आहे.

थोडी पार्श्वभूमी. या क्षेत्रातलं सर्वांत परिचित मॉडेल म्हणजे नासाचं इंटिग्रेटेड मेडिकल मॉडेल, म्हणजे आयएमएम. ह्यूस्टनचं जॉन्सन केंद्र आणि क्लीव्हलँडचं ग्लेन केंद्र यांनी ते उभं केलं. त्यात १०० आजार आणि दुखापती आहेत: अंगावरच्या पुरळापासून मूतखडा, दातदुखी, हृदयविकाराचा झटका यांपर्यंत. मॉडेल मॉन्टे कार्लो पद्धतीने चालतं. म्हणजे तीच मोहीम संगणकावर हजारो, लाखो वेळा घडवायची आणि दर वेळी काय काय झालं ते मोजायचं. यापुढची पिढी म्हणजे इम्पॅक्ट हा साधनसंच. अंतराळवीरांच्या वैद्यकीय नोंदी खासगी असतात, त्यामुळे नवशिक्याने मूळ माहितीच्या मागे लागू नये. दहा-बारा आजारांचं छोटं मॉडेल स्वतः लिहा. खालची प्रत्येक पायरी त्यावर करता येते आणि चुका डोळ्यांना दिसतात.

हाताशी काय लागेल

- पायथन किंवा आर ही प्रोग्रामिंग भाषा. पायथनमध्ये नमपाय, सायपाय आणि संवेदनशीलता विश्लेषणासाठी सॅलिब ही पॅकेजेस. आरमध्ये 'सेन्सिटिव्हिटी' नावाचं पॅकेज.
- मोहिमेचा तपशील: किती माणसं, किती दिवस, किती स्पेसवॉक.
- चमूची माहिती: स्त्री की पुरुष, कॉन्टॅक्ट लेन्स आहे का, दातांवर कॅप आहे का, पोटाची शस्त्रक्रिया झाली आहे का, हृदयाच्या धमन्यांमधल्या कॅल्शियमचा स्कोअर किती. आयएमएममध्ये या गोष्टी विचारात घेतात.
- प्रत्येक आजाराचा दर, तो सौम्य की तीव्र याची शक्यता, उपचार मिळाले तर आणि न मिळाले तर काय होतं.
- औषधपेटीची यादी, नगांसकट.
- एक वही. खरंच. कुठला आकडा कुठून घेतला हे त्याच दिवशी लिहिलं नाही तर पुन्हा सापडत नाही.

१. आधी आउटपुट ठरवा

आयएमएमची चार मुख्य उत्तरं आहेत: एकूण वैद्यकीय घटना किती होतील, चमूचा आरोग्य निर्देशांक किती राहील, कोणाला परत आणावं लागण्याची शक्यता किती आणि कोणाचा जीव जाण्याची शक्यता किती. आरोग्य निर्देशांकाचा हिशोब सोपा आहे. आजारपणामुळे कामाचा जेवढा वेळ वाया गेला तो मोहिमेच्या एकूण मनुष्यवेळेतून वजा करायचा आणि उरलेलं शंभरपैकी मांडायचं.

ही चार उत्तरं म्हणजे चार वेगळी विश्लेषणं. घटनांची संख्या विचारली तर यादीच्या वर किरकोळ पण वारंवार होणाऱ्या गोष्टी येतात: पाठदुखी, त्वचेचे त्रास, झोप न लागणं. जीव जाण्याची शक्यता विचारली की त्या सगळ्या तळाला जातात आणि क्वचित होणारे गंभीर आजार वर येतात. 'या मॉडेलमधलं सर्वांत महत्त्वाचं इनपुट कोणतं' या प्रश्नाला एकच उत्तर असत नाही. कुणी तसं विचारलं तर "कशासाठी महत्त्वाचं?" असं आधी विचारा.

'परत आणणं' या शब्दाची व्याख्याही लिहून ठेवा. अंतराळ स्थानकावरून सोयूझ यान सुटल्यापासून साधारण साडेतीन तासांत जमिनीवर उतरतं. मंगळाच्या वाटेवरून तसं परत येता येत नाही. तिथे हा आकडा 'परत आणायची वेळ आली असती' एवढंच सांगतो.

२. योगायोग आणि अज्ञान वेगळं करा

सगळ्या पायऱ्यांमध्ये माझ्या मते ही सर्वांत महत्त्वाची, आणि माझा सर्वाधिक वेळ इथेच गेला.

फासा टाकल्यावर कोणती बाजू वर येईल हा योगायोग. फाशाच्या बाजूंवर किती ठिपके आहेत हेच माहीत नसणं हे अज्ञान. मूतखड्याचा दर अचूक माहीत असला तरी या मोहिमेत तो कुणाला होईल की नाही हे सांगता येत नाही. हा योगायोग, तो कितीही संशोधन केलं तरी जात नाही. तो दर नक्की किती हेच ठाऊक नाही. हे अज्ञान, आणि ते माहिती गोळा करून कमी करता येतं. संवेदनशीलता विश्लेषण विचारतं ते दुसऱ्याबद्दल: आपल्या कोणत्या अज्ञानामुळे उत्तर सर्वांत जास्त डळमळतं?

मी सुरुवातीला दोन्ही एकाच लूपमध्ये टाकले. दर वेळी नवे दर उचलायचे आणि त्यावर एकच मोहीम चालवायची. निकाल आला तेव्हा सगळी इनपुटं जवळजवळ सारखीच बिनमहत्त्वाची दिसत होती, कारण एकेका मोहिमेतला योगायोग इतका मोठा होता की दरांचा परिणाम त्यात बुडून गेला.

उपाय म्हणजे दोन लूप. बाहेरच्या लूपमध्ये अज्ञान: दर, तीव्रता, उपचाराचा गुण यांचा एक संच उचला. आतल्या लूपमध्ये योगायोग: तो संच तसाच ठेवून २,००० मोहिमा चालवा आणि त्यांची सरासरी घ्या. बाहेर ५०० संच घेतले तर एकूण १० लाख मोहिमा होतात. छोट्या मॉडेलला साध्या लॅपटॉपवर हे जमतं.

आतल्या लूपमध्ये काटकसर करू नका. समजा परत आणण्याची शक्यता २ टक्के आली. २,००० मोहिमांत त्या फक्त ४० घटना. म्हणजे ते २ टक्के म्हणजे साधारण १.४ ते २.६ यांमधलं काहीही असू शकतं. जीव जाण्याची शक्यता त्याहून कितीतरी कमी असते, तिथे आणखी मोठा लूप लागतो. दोन परिस्थितींची तुलना करताना दोन्हींना एकच सीड द्या, म्हणजे यादृच्छिक आकड्यांची मालिका ज्यावरून सुरू होते तो आकडा. दोन्हीकडे यादृच्छिक आकडे सारखे पडले की फरकातला गोंगाट, म्हणजे निव्वळ योगायोगाचा चढउतार, बराच कमी होतो. मात्र प्रत्येक आजाराला स्वतःचा वेगळा यादृच्छिक प्रवाह द्या, नाहीतर एका आजाराची एक घटना वाढली की पुढच्या सगळ्यांचे आकडे सरकतात आणि सीड सारखं असण्याला अर्थ राहत नाही.

३. प्रत्येक इनपुटला प्रामाणिक पल्ला द्या

इथला नेहमीचा सापळा: सगळी इनपुटं १० टक्क्यांनी वर-खाली करून पाहणं. करायला सोपं, पण त्यातून कळतं ते गणित कुठे तीक्ष्ण आहे ते. आपल्याला काय माहीत नाही ते त्यातून कळत नाही. पृथ्वीवर लाखो रुग्णांवरून काढलेला दर आणि अंतराळात एकदाच घडलेल्या आजाराचा दर, दोघांनाही १० टक्के हा न्याय नाही.

अंतराळात एखादा आजार आजवर झालाच नसेल तर दर शून्य धरू नका. एक जुना ठोकताळा आहे: अमुक इतक्या मनुष्यवर्षांत (एक माणूस एक वर्ष म्हणजे एक मनुष्यवर्ष) एकही घटना नसेल तर ३ भागिले ती मनुष्यवर्षं, एवढी दराची वरची मर्यादा ९५ टक्के विश्वासाने धरता येते. उदाहरणासाठी ६० मनुष्यवर्षं घ्या. वरची मर्यादा ०.०५ येते. सहा माणसं सहा महिने, म्हणजे ३ मनुष्यवर्षांच्या मोहिमेत ती ०.१५ घटना होते, आणि निदान एकदा तरी तो आजार होण्याची शक्यता जवळजवळ १४ टक्के. 'कधीच झालं नाही' आणि '१४ टक्के' ही दोन्ही वाक्यं त्याच माहितीवर उभी आहेत. हा पल्ला लपवला तर पुढचं विश्लेषण व्यर्थ आहे.

दरांसाठी गॅमा आणि शक्यतांसाठी बीटा वितरण सोयीचं पडतं. किमान, कमाल आणि सर्वांत संभवनीय एवढंच डॉक्टरांकडून मिळालं असेल तर बीटा-पर्ट वापरा, हे वितरण त्या तीन आकड्यांवरूनच बनतं. डॉक्टरांना 'सरासरी किती?' असं विचारू नका. 'तुम्ही पाहिलेल्यांपैकी सर्वांत लांबलेला रुग्ण किती दिवस झोपून होता?' असं विचारा. उत्तर कितीतरी उपयोगी मिळतं.

४. एक मोहीम दिवसागणिक वाचून काढा

ही पायरी मला कुठल्या पुस्तकात सापडली नाही, पण मी ती कुणालाही सोडू देणार नाही. विश्लेषण सुरू करण्याआधी वाईट निकाल लागलेल्या पाच-सहा मोहिमा निवडा आणि त्यांची रोजनिशी छापून वाचा.

माझ्या छोट्या मॉडेलमधली एक अशी होती. चौथा दिवस: दोघांना मळमळ, गोळ्या दिल्या. एकेचाळिसावा दिवस: एकाच्या बोटाला जंतुसंसर्ग, प्रतिजैविकाचा एक कोर्स संपला. अठ्ठ्याऐंशीवा दिवस: दुसऱ्याला पुरळ चिघळलं, दुसरा कोर्स संपला. एकशेविसावा दिवस: तिसरीला मूत्रमार्गाचा संसर्ग. पेटीत त्या औषधाचे शिल्लक नग शून्य. एकशेसव्विसावा दिवस: परत आणणं.

परत आणण्याचं कारण म्हणून कोडने नोंदवलं होतं 'मूत्रमार्ग संसर्ग'. प्रत्यक्षात ती मोहीम एकेचाळिसाव्या दिवशीच्या बोटापासून घसरत गेली होती. औषधपेटी सगळ्यांची एकच असल्यामुळे आजार एकमेकांना असे आतून जोडलेले असतात. म्हणूनच एका वेळी एकच इनपुट हलवून बाकीची स्थिर ठेवण्याची पद्धत इथे फसते. बोटाच्या संसर्गाचा दर एकटा वाढवला तर फारसं काही बदलत नाही; दोन-तीन दर एकत्र वाढले की पेटी रिकामी होते आणि आकडा उडी मारतो.

हे फक्त संगणकात घडतं असं नाही. अंतराळ स्थानकावर एका अंतराळवीराच्या मानेच्या शिरेत रक्ताची गुठळी सापडली, ते प्रकरण २०२० साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. स्थानकावर रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनांचा साठा मर्यादित होता. मालवाहू यानातून गोळ्या येईपर्यंत तो साठा पुरला पाहिजे म्हणून काही आठवड्यांनी डोस कमी करावा लागला. तुमच्या मॉडेलमध्ये औषध 'आहे' किंवा 'नाही' असे दोनच पर्याय असतील, तर असा कमी डोसाचा मार्ग त्यात कुठे बसतो ते स्वतःला विचारा.

५. गाळणी लावा

दहा आजार, प्रत्येकाची पाच-सहा इनपुटं, म्हणजे पन्नास-साठ झालीच. सगळ्यांचं सखोल विश्लेषण परवडत नाही. मॉरिस यांची १९९१ ची पद्धत गाळणीसाठी चांगली. तिच्यात एक 'मार्ग' म्हणजे यादृच्छिक संचापासून सुरू करून प्रत्येक इनपुट एकेकदा हलवत जाणं, आणि असे अनेक मार्ग वेगवेगळ्या जागांपासून घेतात. ३० इनपुटं आणि २० मार्ग घेतले तर २० गुणिले ३१, म्हणजे ६२० संच पुरतात. प्रत्येक इनपुटाचे दोन आकडे मिळतात: सरासरी परिणाम आणि त्या परिणामाचा विखुरलेपणा. सरासरी घेताना चिन्ह काढून टाकलेली किंमत घ्या, नाहीतर अधिक-उणे एकमेकांना खातात. विखुरलेपणा मोठा असेल तर ते इनपुट दुसऱ्या कशाशी तरी बांधलेलं आहे, किंवा त्याचा परिणाम सरळ रेषेत नाही.

गाळण्याआधी एक खोटं इनपुट घाला: मॉडेलमध्ये कुठेही न वापरलेला, शून्य ते एकमधला यादृच्छिक आकडा. मॉरिसमध्ये सगळ्या संचांना एकच सीड दिलं तर त्याची किंमत शून्यच येईल, म्हणून या चाचणीपुरतं दर संचाला वेगळं सीड द्या. त्याला जेवढं 'महत्त्व' मिळेल तेवढा तुमचा गोंगाट, आणि त्याच्या आसपासचं काहीही खरं मानू नका. माझ्या पहिल्या यादीत हे खोटं इनपुट नवव्या क्रमांकावर आलं होतं. त्याखालच्या सगळ्यांवर मी दोन पानं स्पष्टीकरण लिहून ठेवलं होतं. ती फाडून टाकली.

६. क्रम सहसंबंध, आणि त्याचा एक मोठा सापळा

आयएमएमच्या बाबतीत आंशिक क्रम सहसंबंध गुणांक वापरला गेला आहे, त्याला सगळे पीआरसीसी म्हणतात. लॅटिन हायपरक्यूबने (प्रत्येक इनपुटाचा सगळा पल्ला समान भागांत पाडून प्रत्येक भागातून एकेक किंमत घेण्याची पद्धत) संच काढायचे, इनपुट-आउटपुटच्या किमतींऐवजी त्यांचे क्रम घ्यायचे, बाकीच्या इनपुटांचा परिणाम वजा करायचा आणि उरलेला संबंध मोजायचा. उत्तर उणे एक ते अधिक एक यांमध्ये. इनपुट वाढलं की आउटपुट सतत वाढतं किंवा सतत घटतं, एवढीच अट. म्हणून आधी प्रत्येक इनपुटाचा आलेख डोळ्यांनी पाहा. मध्येच वळण घेत असेल तर हा गुणांक शून्याजवळ येऊन फसवेल.

आता सापळा. पीआरसीसी संबंध किती स्वच्छ आहे ते सांगतो, परिणाम किती मोठा आहे ते सांगत नाही. बाकीच्यांचा परिणाम वजा झालेला असल्यामुळे, अगदी नगण्य पण गोंगाट नसलेल्या इनपुटालाही ०.९ मिळू शकतो. आतला लूप जितका मोठा, तितके सगळेच गुणांक एककडे सरकतात. आदल्या महिन्यात ०.४ असलेलं इनपुट लूप वाढवल्यावर ०.८ झालं आणि मला वाटलं, काहीतरी मोठं सापडलं. सापडलं काहीच नव्हतं, गोंगाट कमी झाला होता. त्यामुळे शेजारी प्रमाणित क्रम प्रतीपगमन गुणांकही काढा. त्यातून परिणामाचा आकार कळतो. दोन्हींत वर असेल तेच वर माना.

७. उरलेल्यांसाठी सोबोल

गाळणीतून आठ-दहा इनपुटं उरली की सोबोल निर्देशांक काढा. आउटपुटच्या एकूण चढउतारातला किती वाटा कोणाचा, हे तो सांगतो: एकट्याचा वाटा आणि इतरांशी जोडीने धरून एकूण वाटा. या दोन आकड्यांतलं अंतर मोठं असेल तर चौथ्या पायरीतली औषधपेटी आठवा.

खर्च आधी मोजा. मूळ नमुना १,०२४ आणि इनपुटं ३० ठेवली तर ३२,७६८ संच लागतात; आत २,००० मोहिमा धरल्या तर साडेसहा कोटी. १० इनपुटांवर तेच १२,२८८ संचांत होतं. नमुना दोनच्या घातातच घ्या, सोबोल क्रमाला ते लागतं. उत्तरांत लहानसे उणे आकडे दिसले तर घाबरू नका, नमुना वाढवा. आणि एकमेकांशी बांधलेली इनपुटं, उदाहरणार्थ एकाच आजाराच्या सौम्य आणि तीव्र रूपाच्या शक्यता, सुटी टाकू नका. एकच इनपुट करा, दुसरं त्यातून काढा.

८. मोहीम बदलली की यादी बदलते

गगनयानची आखणी तिघांनी तीन दिवस साधारण ४०० किलोमीटर उंचीवर राहण्याची आहे. म्हणजे ९ मनुष्यदिवस, जेमतेम ०.०२५ मनुष्यवर्षं. अंतराळ स्थानकावरच्या ३ मनुष्यवर्षांच्या मोहिमेपेक्षा सुमारे १२० पट कमी. वर्षाच्या दराने होणारे आजार इथे जवळजवळ दिसेनासे होतात आणि पहिल्याच दोन-तीन दिवसांत होणारी मळमळ, जी दोन-तृतीयांशाच्या आसपास अंतराळवीरांना होते, सगळ्यांच्या वर येते. स्थानकासाठी काढलेली क्रमवारी इथे चिकटवणं ही चूक मी दुसऱ्यांच्या कामातही पाहिली आहे. मंगळासाठी उलट: तिथे पेटी भरून मिळत नाही, म्हणून नगांची संख्या वर चढते.

९. निकाल लिहिताना

२००३ च्या कोलंबिया अंतराळयानाच्या अपघातानंतर नासाने मॉडेल आणि सिम्युलेशनसाठी स्वतंत्र मानक तयार केलं. क्रमांक ७००९, वर्ष २००८. त्यात मॉडेलवर किती भिस्त ठेवावी हे आठ निकषांवर तपासतात. उत्तरातली अनिश्चितता हा एक निकष आणि उत्तर किती भक्कम आहे, म्हणजे कशाने हलतं ते आपल्याला किती माहीत आहे, हा दुसरा. दोन्ही वेगळे ठेवलेत. तुमच्या अहवालातही वेगळे ठेवा. 'शक्यता २ टक्के, पल्ला १ ते ५' हा पहिल्याचा मजकूर. 'पल्ल्याचा बराचसा भाग मूतखड्याच्या दरामुळे' हा दुसऱ्याचा.

अहवालासोबत सीड, पॅकेजच्या आवृत्त्या, संचांची संख्या, खोट्या इनपुटाचा क्रमांक आणि तुम्ही स्थिर धरलेल्या गोष्टींची यादी द्या. शेवटची सर्वांत दुर्लक्षित राहते. मॉडेलमध्ये नसलेल्या आजाराला कुठलीच पद्धत क्रमांक देत नाही.

क्रमवारीच्या तक्त्यात एक जादा रकाना ठेवा: ही माहिती सुधारायची तर कुठून मिळेल? मूतखड्यापुढे दीर्घ बेडरेस्टच्या (माणसांना दीर्घ काळ अंथरुणावर ठेवण्याच्या) प्रयोगांमधली लघवीतल्या कॅल्शियमची मापं लिहा, दातदुखीपुढे पाणबुड्या आणि अंटार्क्टिकावरच्या हिवाळी तळांच्या नोंदी. पहिली तीन इनपुटं तरी भरलेली असू द्या, आणि तो तक्ता औषधपेटी भरणाऱ्या डॉक्टरांच्या हातात नेऊन द्या. पहिल्या भेटीतच ते एखादा पल्ला खोडून दुसरा लिहितील. तो वहीत तारखेसकट उतरवून घ्या आणि तिसऱ्या पायरीपासून पुन्हा सुरू करा.